मास्तरकी करता करता कुमारांसाठी कादंबरी: एका शिक्षकाच्या पत्राला उत्तर

सर, तुमचं पत्र मिळालं. तुम्ही झरी-जामणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला भाषा शिकवता, नोकरीला सहा-सात वर्षं झालीत, आणि तेरा ते सोळा वयाच्या पोरापोरींसाठी कादंबरी लिहायचं मनात आहे. तुम्ही विचारलंय की शिक्षकाला हे जमतं का, माझं कसं झालं, वऱ्हाडीत लिहावं की प्रमाण मराठीत, वर्गातल्या मुलांच्या खऱ्या गोष्टी वापराव्या का, प्रकाशकाशी व्यवहार कसा करावा, आणि शेवटी, नोकरी सोडावी का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते: आत्ता सोडू नका. तुमच्याजवळ आज जे आहे ते कोणत्याही लेखकाजवळ नसतं. रोज सकाळी तुमचे वाचक आपल्या पायांनी चालत तुमच्यासमोर येऊन बसतात. त्याचा उपयोग कसा करायचा आणि त्याचाच अडसर कसा होतो, यावरच मला जास्त सांगायचं आहे. बाकीचं ओघात येईल.

मी मूळची आर्वी तालुक्यातली, कापसाच्या घरची. डी.एड. करून नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेत लागले. पहिली नेमणूक कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत, पहिली ते चौथी दोन खोल्यांत. पुढे पदवीधर शिक्षक म्हणून सातवीपर्यंतच्या शाळेत आले. तिथे पुस्तकांची एक पेटी होती. परीकथा, बोधकथा, थोरांची चरित्रं. तिसरी-चौथीची पोरं पेटीवर तुटून पडायची. तीच पोरं सातवीत आली की पेटीकडे फिरकायची नाहीत. शिक्षकांच्या खोलीत यावर एकच वाक्य ऐकू यायचं, पोरांना वाचनाची गोडी राहिली नाही. मला तसं दिसत नव्हतं. बाकाखाली धरून पेपरातल्या चोरी-खुनाच्या बातम्या वाचणारा पोरगा माझ्या वर्गात होता. मोठ्या बहिणीच्या दहावीच्या पुस्तकातले धडे आधीच वाचून बसलेली पोरगी होती. त्यांना परी नको होती आणि मोठ्यांची कादंबरी गावात मिळत नव्हती. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक मी गोळा करून आणले. ते फाटेपर्यंत वाचले गेले. पण अख्खी कादंबरी, त्यांच्या वयाची, त्यांच्या मातीतली, हाती देण्यासारखी फार थोडी सापडली.

म्हणून मी सांगायला सुरुवात केली. शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या आधीच्या तासिकेला, धरणात गाव गेलेल्या एका पोराची गोष्ट. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाने गावं उठली, त्यातली माणसं आमच्या नात्यागोत्यात होती, त्यामुळे सामग्री घरचीच. पुढच्या शनिवारी ‘मागच्या वेळी कुठवर आलो होतो?’ हे मी पोरांनाच सांगायला लावायची. त्यात मला फार शिकायला मिळालं. जे प्रसंग त्यांना जसेच्या तसे आठवायचे ते पक्के. जिथे तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तिथे माझं सांगणं सैल पडलं होतं. आणि जो भाग कोणालाच आठवायचा नाही, तो बहुतेक वेळा माझ्या लाडक्या विचारांचा असायचा. वहीत उतरवताना तो भाग गळला. पुढे एका मासिकात ती गोष्ट क्रमशः आली, मग पुस्तक झालं, आणि त्या पुस्तकामुळे पुढची पुस्तकं झाली.

तुम्ही साने गुरुजींचा दाखला दिलाय, की शाळा सोडल्यावरच त्यांच्या हातून मोठं लेखन झालं. तारखा बरोबर आहेत. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि ते १९३५मध्ये छापून आलं. पण अमळनेरला ते छात्रालयही सांभाळायचे आणि तिथल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. आज लिहिलं की आजच वाचणारी मुलं, आणि उद्या पुन्हा लिहायचंच. आता पुस्तक उघडून पाहा. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय; श्याम सांगतोय आणि सोबती भोवती बसून ऐकतायत. तुरुंगात एकट्याने लिहितानाही ऐकणारे त्यांच्यासमोर बसलेले होते. माझी खात्री आहे की ही सवय त्या हस्तलिखित दैनिकाने लावली. तुम्ही आधी नोकरी सोडून मग लिहायला बसलात तर नेमकं हेच हातचं जाईल.

आता अडसराबद्दल.

माझ्याकडे शिक्षकांची हस्तलिखितं वाचायला येतात. भाषा शुद्ध, गावाची माहिती चोख, मुलांबद्दल माया ओतप्रोत. आणि तरी पाचव्या-सहाव्या पानावर लेखक खडू घेऊन उभा राहतो. असं वाक्य येतं: ‘एसटी आली नाही तरी ती खचली नाही. शिक्षणानेच आपले भविष्य घडणार आहे हे तिला पक्के ठाऊक होते.’ चौदा वर्षांची पोरगी फाट्यावर उभी राहून असा विचार करत नाही. हे तिच्या मास्तरांनी तिच्या वतीने केलेलं भाषण आहे, आणि अशी भाषणं पोरांना परिपाठात रोज ऐकावी लागतात. त्यांना वास लगेच येतो.

हाच प्रसंग मी असा लिहीन:

‘साडेदहा झाले. मानव विकासची गाडी आली नाही. वैष्णवीनं पास कंपासपेटीत ठेवला, काढला, दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पानठेल्यावरचा काका म्हणाला, “आज नाई येत वं माय गाडी. टायर फुटला म्हनतेत.” तिघीजणी परत फिरल्या. वैष्णवी फिरली नाही. घरी गेलं की माय वावरात घेऊन जाईल. कापूस फुटला होता.’

यात शिक्षणाचं महत्त्व कुठे लिहिलेलं नाही. गावची शाळा सातवीपर्यंत, आठवीला तालुक्याला जायचं, पोरींसाठी मानव विकासची गाडी, तीच चुकली की दिवस बुडाला; हे सगळं तुमच्या वाचकाला माहीत आहे, ते समजावून सांगायला नको. तिने पास तीनदा का हलवला हे मात्र त्याला कळतं. आता पुढे या. समजा वैष्णवी दिवसभर फाट्यावरच बसली, संध्याकाळी घरी गेली आणि शाळा झाली म्हणून सांगितलं. ती खोटं बोलली. इथे शिक्षकाच्या हाताला खाज सुटते. प्रकरण संपायच्या आत तिचं खोटं उघडं पडतं, ती रडते, माफी मागते, आई तिला जवळ घेते. असं करू नका. ते खोटं तिच्याजवळ राहू द्या. चार प्रकरणांनी ते तिला कुठे नेतं ते पाहा. तेरा-चौदाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा घरच्यांपासून काहीतरी वेगळं ठेवायला लागतो. या वयासाठी लिहिणं म्हणजे त्या वेगळ्या ठेवलेल्या गोष्टीबद्दल लिहिणं, असं मी मानते. ती तुम्ही शिक्षा करून काढून घेतली तर कादंबरी तिथेच संपली.

याचा अर्थ लेखकाला नीती नको असा नाही. माझी आहे, आणि ठाम आहे. ती कोणती घटना निवडली आणि कोणाच्या बाजूला उभं राहून पाहिली, यात दिसते. पात्राच्या तोंडी घालायची गरज पडत नाही.

विषयांची तुम्हाला चिंता आहे. ‘आमच्याकडे घडतं काय?’ असं तुम्ही लिहिलंय. सर, तुमच्याच जिल्ह्यात पाहा. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर यायचा. त्यावर अहवाल निघाले, बातम्या आल्या. पण रविवारी बापासोबत वावरात जाऊन औषध कालवून देणारा, पाणी भरून पंप पाठीवर चढवून देणारा नववीतला पोरगा कुठल्याच कागदावर नाही. त्याच्या हाताला येणारा वास साबणाने जात नाही आणि सोमवारी तो त्याच हाताने बाजूच्याच्या डब्यातली पोळी खातो. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण, जिला सगळे ‘अवनी’ म्हणून ओळखतात, २ नोव्हेंबर २०१८ला मारली गेली. वाघिणीची बाजू देशभर मांडली गेली, वनखात्याचीही मांडली गेली. त्या काळात त्या पट्ट्यातल्या गावांत आठवीतलं पोर सकाळी शाळेत कोणासोबत गेलं, राखणीला जागलीवर कोण गेलं, अंधार पडल्यावर बाहेर जायला पोरींनी कोणाला उठवलं, हे तुम्हाला विचारून कळेल. मला ते इथून कळणार नाही. तो विषय तुमचा आहे.

आणि रोजचा विषय तर आपल्या हजेरीपटावरच असतो. दिवाळी उरकली की पटावर लाल शाईचे गैरहजर वाढतात. वेचणी किलोवर असते, म्हणून पोराचे हातही मोजले जातात. शाळेत जी पोरगी ‘गैरहजर’, ती वावरात संध्याकाळी ताजव्यावर किती किलोची ठरली, त्या पैशांतून तिला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे घेऊन एक अख्खी कादंबरी होते. कापूस वेचताना बोंडाचं टोक नखात कसं घुसतं, ओटीत कापूस भरला की चालणं कसं बदलतं, हे तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींना ठाऊक आहे. त्यांना विचारा, त्या मन लावून सांगतात. कुणी विचारलेलंच नसतं.

शेतकरी आत्महत्येबद्दल वेगळं सांगते, कारण विदर्भातला लेखक म्हटलं की तीच अपेक्षा असते. लिहू नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या वर्गात बाप गेलेली पोरं असतील, माझ्याही होती. पण हस्तलिखितांमध्ये असा पोरगा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दुःखी असतो, जणू दुःखी राहणं हेच त्याचं काम. खऱ्या पोराला क्रिकेटची टीम असते, मोबाइलचा रिचार्ज संपलेला असतो, वर्गातली एक पोरगी आवडत असते. तो खेळताना खळखळून हसतो आणि हसता हसता एकदम थांबून इकडेतिकडे पाहतो, कोणी बघितलं तर नाही. ते पाहणं लिहा. आपल्या हसण्याची त्याला लाज वाटते हे ज्या दिवशी तुम्हाला कागदावर धरता येईल त्या दिवशी बाकीचं आपोआप येईल. शिवाय असं पोर तुमचं पुस्तक वाचणार आहे हे ध्यानात ठेवा. बाप कसा गेला याचं वर्णन त्याच्यासाठी नको. ते त्याने पाहिलेलं आहे.

प्रेमाबद्दल शिक्षक बिचकतात. केंद्रप्रमुख काय म्हणतील, पालक काय म्हणतील. पण पंधराव्या वर्षी कोणी आवडत नाही असं पात्र लिहिलंत तर तुमच्या एकाही शब्दावर वाचकाचा विश्वास बसणार नाही. आवडणं लिहा. त्यात अडकून पडणंही लिहा, आणि आपल्याकडे सातवी-आठवीनंतर घरी बसलेल्या पोरीचं लग्न उरकायची जी घाई असते, तीही लिहा. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ हे कायद्याने ठरवलंय, सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी पत्रिका छापली जाते तेव्हा गावात कोण कोण गप्प राहतं? त्या गप्प राहणाऱ्यांत शाळाही असते. शिक्षकाने हे लिहिलं तर त्याला वजन येतं.

आता वर्गातल्या खऱ्या गोष्टी. इथे माझं मत कडक आहे. तुमचा विद्यार्थी तुमच्यापाशी जे बोलला ते त्याने शिक्षकापाशी बोललं, लेखकापाशी नाही. त्याची गोष्ट ओळखू येईल अशी छापली तर त्या गावात पुन्हा कोणतंही पोर कोणत्याही शिक्षकापाशी मन मोकळं करणार नाही. नाव बदलणं पुरत नाही. पाचशे उंबऱ्यांच्या गावात ‘बाप एसटीत कंडक्टर, आई वारलेली, दोन जुळ्या बहिणी’ एवढ्यावर घर सापडतं. मी एकाचा स्वभाव, दुसऱ्याचं घर आणि तिसऱ्याचा प्रसंग घेते, पोराची पोरगी करते, तालुका बदलते, आणि फार नाजूक असेल ते ती पोरं मोठी होऊन आपल्या संसाराला लागेस्तोवर वहीतच राहू देते. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर कायदाही स्पष्ट आहे. पोक्सोच्या कलम २३मध्ये नावच काय, कुटुंब, शाळा, शेजार अशा कशावरूनही मुलाची ओळख पटेल असा तपशील छापायला मनाई आहे. तिथे ‘कादंबरी आहे’ ही सबब पुढे करू नका.

भाषेबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता. वर्गात आपण ‘मले’ कापून ‘मला’ करतो आणि पुस्तकात ‘मले’ लिहायचं, हे कसं? मला यात अडचण वाटत नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. वऱ्हाडी बोलणारी माणसं मराठी कादंबरीत पूर्ण उंचीने उभी राहतात याचा पुरावा तेव्हापासून आपल्यापुढे आहे. मी निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवते, पण वावर, धुरा, बंडी, पऱ्हाटी, डवरणी, पानठेला हे शब्द निवेदनातही जसेच्या तसे येतात, तळटीप न देता. पुण्याच्या पोराला संदर्भाने कळतात. संवाद पूर्ण बोलीत. फक्त एक लेखन ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. एका पानावर ‘जाऊन राह्यली’ आणि दुसऱ्यावर ‘जाऊन राहिली’ असं झालं की वाचणारं पोर अडखळतं.

वर्गात पहिल्यांदा वऱ्हाडी संवाद वाचून दाखवाल तेव्हा पोरं हसतील. सिनेमात-मालिकेत आपली बोली बहुतेक नोकराच्या किंवा विनोदी माणसाच्या तोंडी ऐकल्यामुळे ‘आता हसायचं’ अशी सवय लागलेली आहे. वाचत राहा. तुमच्या कादंबरीत डॉक्टरीणबाई वऱ्हाडी बोलू द्या, हुशार पोरगी बोलू द्या, वाईट बातमी वऱ्हाडीत येऊ द्या. थोड्या वेळाने हसणं थांबतं आणि मागच्या बाकावरची मान वर येते. त्या मानेसाठी लिहायचं.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची पोरं घरी कोलामी बोलतात, बाजारात तेलुगू ऐकतात आणि शाळेत मराठी शिकतात. पहिलीतलं कोलाम पोर काही महिने वर्गात बोलतच नाही आणि आपण त्याला ‘अबोल’ म्हणून नोंदवतो. सातवीत आल्यावर त्याला तो काळ कसा आठवतो हे विचारा. तुमच्या कादंबरीत असं पोर असेल तर त्याच्या आईचं बोलणं कोलामीत येऊ द्या, दोन-चार वाक्यं का होईना, पण ती कोलामी बोलणाऱ्याकडूनच घ्या.

लिहायचं केव्हा, हे प्रत्येकाचं वेगळं. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयादीचं बीएलओचं काम, वर अपडाऊन; मला सगळं ठाऊक आहे. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी सुरू होते, म्हणजे मे आणि जवळजवळ सगळा जून हाती असतो. पहाटे, डोक्यावर ऊन चढायच्या आत. मी पहिला खर्डा नेहमी उन्हाळ्यात केला आणि शाळेच्या वर्षात तो वाचून दाखवत दुरुस्त केला. कुमार कादंबरीला पंचवीस ते पस्तीस हजार शब्द पुष्कळ झाले. प्रकरण दीड हजार शब्दांच्या आसपास ठेवा. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटांच्या आत होतं आणि तासिकेत बोलायला वेळ उरतो.

वाचून दाखवताना ‘आवडलं का?’ विचारू नका. सरांना ‘नाही’ कोण म्हणेल? प्रकरण मधेच थांबवून ‘आता ही काय करेल?’ विचारा. सगळ्या वर्गाने तुमच्या मनातलंच उत्तर दिलं तर ते बदला. दुसरं, वाचन स्वतः न करता एखाद्या पोराला करायला लावा. तो जिथे श्वास तुटून अडखळतो तिथे तुमचं वाक्य लांब आहे, जिथे गडबडीने उरकतो तिथे त्याला कंटाळा आलाय. आणि शेवटचा खर्डा दुसऱ्या शाळेत पाठवा, तुमचं नाव न सांगता. मित्राला म्हणा, मागच्या बाकावर बसून फक्त कोण केव्हा खिडकीबाहेर पाहतं ते टिपून ठेव.

परवानगीचं थोडक्यात. तुम्हाला लागू आहेत ते जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७. साहित्यिक स्वरूपाचं अधूनमधूनचं लेखन सेवेच्या आड येत नाही, मात्र नोकरीच्या कामाला बाध येता कामा नये आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर बंधन आहे. पुस्तक ठरलं की गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच फाइलला लावून ठेवा. पुढे कोणी अर्ज केलाच तर ती पोच कामी येते. गाइड, स्वाध्यायपुस्तिका असलं काही कोणी लिहायला सांगितलं तर तो प्रकार वेगळा समजा.

प्रकाशकाकडे जाताना घाई नको. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे बरेच भेटतात. तीन-चारशे प्रती तुमच्या घरी पेटीत येऊन पडतात आणि निवृत्तीपर्यंत समारंभात वाटत बसावं लागतं. त्यापेक्षा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवा. चांगल्या प्रकाशकाने होकार दिला तर करार लेखी करा. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा वाचावं. हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात काहीच केलं नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसलं, तर ते हक्क तुमच्याकडे परत येतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असा शब्द दिसला तर सही करू नका. अनुवाद, ऑडिओ आणि दृश्य माध्यमाचे हक्क वेगळे लिहून घ्या. आयएसबीएनसाठी कोणी तुमच्याकडून पैसे मागितले तर नाही म्हणा, तो क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो.

आकडा मनात स्पष्ट असू द्या. पुस्तकाची किंमत १५० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, मानधन १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर १५,००० रुपये. त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो, त्याची रक्कम ५०,००० रुपये. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालकादंबरीसाठी साने गुरुजींच्या नावाचा पुरस्कार आहे. मिळाले तर आनंद, पण त्यावर घर चालवायचा हिशेब मांडू नका.

म्हणून नोकरीचं मी आधीच सांगितलं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली ती पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची वीस वर्षं केव्हाच उलटून गेल्यावर, तीन महिन्यांची नोटीस देऊन, आणि मुख्य म्हणजे जुनी पेन्शन होती म्हणून. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५नंतरची, तुम्हाला ती नाही. घरी दोन लेकरं आहेत असंही तुम्ही लिहिलंय. पगार चालू असताना कादंबरीवर पोट भरायचं ओझं पडत नाही, ती तुम्हाला हवी तशी लिहिता येते. बाजारात चटकन खपेल असं भुताखेताचं काहीतरी लिहून द्या, असं कोणी म्हणालं तर नाही म्हणायची ताकद त्या पगारातूनच येते. आणि मी आज मोकळी असले तरी शनिवारी जवळच्या शाळेत वाचायला जातेच. आठवीतली पोरं दर चार-पाच वर्षांनी वेगळी होतात. त्यांच्या शिव्या बदलतात, भीती बदलते, मोबाइलमध्ये काय लपवायचं ते बदलतं. शाळेत गेल्याशिवाय मला ते कळणार नाही.

पहिली तीन प्रकरणं झाली की मला पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करा, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलं तर दुसऱ्या संगणकावर अक्षरं फुटतात. सोबत गोषवारा नको, प्रस्तावना नको. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, वर्गात वाचताना पोरं कुठे थांबली आणि काय म्हणाली, तेवढं पेन्सिलने लिहिलेल्या कागदाचा फोटो जोडा. पोळ्याच्या आधी आलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शेरे लिहून परत करीन. कोलामीतली वाक्यं असतील तर ती पोडावर कोणाला तरी वाचून दाखवा, आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या तशाच ठेवून पाठवा.